बादलीभर पाणी, डोंगरभर वणवा

२०२३ च्या मार्चमध्ये, ऐन शिमग्याच्या दिवसांत, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर पेटले. म्हादई अभयारण्याच्या २०८ चौरस किलोमीटर जंगलात ठिकठिकाणी वणवे भडकले. साट्रे, सुर्ला, मोर्ले, चोर्ला घाटाची बाजू... एक वणवा आटोक्यात येतो न येतो तोच दुसरीकडून धूर दिसे. उन्हाचा ताव वाढलेला, हवेतला ओलावा गेलेला आणि जमिनीवर पाल्याचा वाळून कोळ झालेला थर. वनखात्याची माणसे, अग्निशमन दलाचे जवान आणि आसपासच्या गावांतले लोक डोंगर चढून आगीला भिडत होते. कड्याकपारीच्या या भागात बंब वर नेण्याची सोय नव्हती. अखेर आकाशातून मदत मागवावी लागली.

नौदलाचे हेलिकॉप्टर मासोर्डेच्या तळ्यातून पाणी उचलून मोर्लेच्या परिसरात टाकू लागले. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याने सुमारे १७ टन पाणी टाकल्याचे नौदलाने जाहीर केले. पाठोपाठ हवाई दलाचे एमआय-१७ आले आणि त्याने २५ हजार लिटरहून अधिक पाणी टाकले. धुराच्या लोटावर झेपावणाऱ्या हेलिकॉप्टरची छायाचित्रे सगळीकडे झळकली. बघणाऱ्याला हायसे वाटावे असेच ते दृश्य होते. आता आग विझणार, असा दिलासा त्यात होता.

या आकड्यांकडे जरा थांबून बघू. उन्हाळ्यात आपल्या वाड्यावस्त्यांवर पाणी घेऊन येणारा टँकर साधारण १० हजार लिटरचा असतो. नौदलाचे पाणी पावणेदोन टँकर, हवाई दलाचे अडीच टँकर. दोन्ही मिळून सव्वाचार टँकर. एवढ्या पाण्याने डोंगररांगेवर पसरलेला वणवा विझतो का? विझत नाही, हे कुणीही सांगेल. मग जगभरातली सरकारे तासाला हजारो डॉलर मोजून हेलिकॉप्टर आगीवर का पाठवतात? कारण त्याच्याकडून एक नेमके काम होते, आणि ते दुसऱ्या कुणाकडून होत नाही. ते काम कोणते आणि त्याची मर्यादा कुठे संपते, हे समजून घेणे आपल्यासाठी गरजेचे झाले आहे. दर फेब्रुवारीत आपलाही सह्याद्री पेटतो.

नारिंगी बादली

वणव्यावर हेलिकॉप्टर नेण्याचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाले. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँजेलिस राष्ट्रीय वनात आगीच्या कामासाठी ‘बेल ४७’ हे छोटे हेलिकॉप्टर वापरले गेले. त्याची ताकद तुटपुंजी होती. टेहळणी करणे, माणसे आणि सामान डोंगरावर पोचवणे एवढेच त्याला जमे. पुढे इंजिने मोठी झाली आणि हेलिकॉप्टरखाली पाण्याची बादली लटकू लागली. या सुरुवातीच्या बादल्या फायबरग्लासच्या किंवा धातूच्या, कडक असत. त्या हेलिकॉप्टरच्या पोटात मावत नसत. त्यामुळे तळापासून आगीपर्यंत त्या लटकवतच न्याव्या लागत आणि वेग कमी ठेवावा लागे. शिवाय त्यांतले पाणी विस्कटून, फवाऱ्यासारखे पडे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉन आर्नी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उत्तर शोधले. मजबूत कापडाची, घडी घालून पिशवीत भरता येणारी बादली त्यांनी तयार केली. तिचे नाव बांबी बकेट. ही बादली हेलिकॉप्टरच्या आत ठेवून पूर्ण वेगाने आगीच्या जवळ जायचे, तिथे उतरून ती हुकाला अडकवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागायचे. तिच्या बुडातून पाणी एका घट्ट लोंढ्यासारखे खाली येते. आज जगभर हीच बादली वापरात आहे आणि आपले हवाई दलही तीच वापरते. एमआय-१७ व्ही५ ला लावलेल्या बादलीत सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी मावते.

तळ्यातून पाणी उचलण्याचे काम लांबून सोपे दिसते. हेलिकॉप्टर पाण्यावर येऊन स्थिर होते. पंख्याच्या वाऱ्याने पाण्याची कातडी थरथरते, पांढऱ्या तुषारांचे कडे फिरू लागते. वैमानिकाला पोटाखालची बादली नीट दिसत नाही. दारापाशी पट्ट्याने बांधून घेतलेला सहकारी बाहेर वाकून बघतो आणि बादली पाण्यापासून किती मीटरवर आहे ते सांगत राहतो. बादलीच्या कडेला एका बाजूस वजन लावलेले असते. बादली पाण्याला टेकली की त्या वजनाने ती कलंडते, काठ बुडतो आणि पाणी आत शिरते. मग हेलिकॉप्टर सरळ वर उठते. तिरके उठले तर बादली पाण्यातून फरफटते आणि दोर ताणले जातात. बादली पाण्याबाहेर आली की क्षणार्धात साडेतीन टन वजन हुकावर येते आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

आगीवर पोचल्यावर वैमानिक बटण दाबतो, बुडाची झडप उघडते आणि काही सेकंदांत बादली रिकामी होते. तेवढ्याच वेळात हेलिकॉप्टर साडेतीन टनांनी हलके होऊन वर उसळू बघते, त्याला सावरावे लागते. उंचीचा अंदाज इथे फार महत्त्वाचा. फार वरून टाकले तर पाण्याचे तुषार होतात, वाऱ्यावर पांगतात, आगीपर्यंत पोचण्याआधीच विरतात. फार खाली उतरले तर पंख्याचा वाराच आगीला फुंकर घालतो. या दोन टोकांच्या मधली जागा धुरात, दरीतल्या उलटसुलट वाऱ्यात, विजेच्या तारा चुकवत शोधायची असते. तीही प्रत्येक फेरीला नव्याने.

चार फुटांची ज्वाळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढेसे पाणी करते काय?

ढोबळ हिशेब असा. एक किलो वाळके लाकूड किंवा पाला जळताना जेवढी उष्णता बाहेर टाकतो, तेवढी शोषायला सहा-सात लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हावी लागते. साडेतीन हजार लिटरची एक बादली, एक थेंबही वाया न जाता, जेमतेम अर्धा टन जळणाची उष्णता गिळू शकेल. डोंगरउतारावर असे शेकडो टन जळण पडलेले असते. तेव्हा सगळ्या आगीवर पाणी ओतून ती विझवायची, हा विचारच कुणी करत नाही. पाणी टाकायचे ते आगीच्या कडेवर, आणि कडेवरही जिथे ती सर्वांत वेगाने सरकते आहे तिथे.

अमेरिकेतल्या वन अग्निशमनाच्या प्रशिक्षणात एक तक्ता शिकवतात. ज्वाळा चार फुटांपेक्षा, म्हणजे सव्वा मीटरपेक्षा कमी असेल तर माणसे हातातल्या अवजारांनिशी आगीच्या कडेवर थेट काम करू शकतात. चार ते आठ फुटांच्या ज्वाळेजवळ माणसाला उभे राहता येत नाही. तिथे बुलडोझर, बंब, विमाने, हेलिकॉप्टर लागतात. आठ फुटांच्या पुढे आग आवरणे कठीण होत जाते, आणि अकरा फुटांवर गेली की समोरून भिडण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो.

हेलिकॉप्टरचे खरे काम या तक्त्यात आहे. सहा-सात फुटांची ज्वाळा चार फुटांच्या खाली आणायची, काही मिनिटे ती तशी ठेवायची आणि तेवढ्यात खालच्या माणसांनी कडेवर जाऊन काम उरकायचे. झुडपे तोडायची, पाला ओढून माती उघडी करायची, पेटती मुळे खणून काढायची, राख चाळून निखारे शोधायचे. त्या काही मिनिटांत खाली कुणी नसेल, तर ओला झालेला पाला उन्हाने आणि शेजारच्या धगीने पुन्हा सुकतो आणि पुन्हा पेट घेतो. गेलेली बादली गेली. म्हणून हवाई मदतीचा पहिला नियम असा की खाली माणसे तयार असतील तिथेच पाणी टाकायचे. दुसरा नियम लवकर येण्याचा. वणवा एखाद्या एकरावर असताना पडलेल्या दोन बादल्या त्याला तिथेच रोखू शकतात. तोच वणवा हजार एकरांवर गेल्यावर दोनशे बादल्याही पुरत नाहीत.

आपल्या जंगलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भारतातले बहुतेक वणवे जमिनीवरून सरकणारे असतात. पाला, गवत, काटक्या जळत जातात, झाडांचे शेंडे सहसा पेटत नाहीत. सदाहरित जंगलात वरून टाकलेले बरेचसे पाणी पानांच्या छतावरच अडते आणि आग असते खाली, पाल्यात. अशा आगीला हेलिकॉप्टर कमी आणि माणूस जास्त लागतो. हिमालयातल्या चीडच्या वनांची गत थोडी वेगळी आहे. चीडच्या सुयांमध्ये, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, राळ असते. त्या भराभर पेटतात आणि आग उतारावर बघता बघता चढते.

पाणी किती दूर?

२६ आणि २७ एप्रिल २०२४ ला उत्तराखंडात नैनिताल परिसरातल्या चीडच्या वनांत असेच झाले. पाइन्स, लडियाकांटा या भागांत आग वस्तीच्या आणि हवाई दलाच्या ठाण्याच्या दिशेने सरकू लागली, तेव्हा एमआय-१७ बोलावले गेले. भीमताल तलावाचे पाणी जवळ होते, हे नैनितालचे भाग्य. २०१६ आणि २०२१ च्या उत्तराखंडातल्या वणव्यांतही भीमतालनेच बादल्या भरल्या होत्या. २०२२ च्या मार्चमध्ये राजस्थानात सरिस्काच्या वाघांचे जंगल पेटले, तेव्हा दोन हेलिकॉप्टरनी सिलीसेढ तलावातून पाणी उचलले.

अंतराचा हिशेब फार निर्दय असतो. समजा, बादली लटकवून हेलिकॉप्टर ताशी १०० किलोमीटरने जाते, आणि भरायला व टाकायला मिळून चार मिनिटे लागतात. पाणी पाच किलोमीटरवर असेल तर एक फेरी दहा मिनिटांची. तासाला सहा फेऱ्या, २१ हजार लिटर. तेच पाणी ३० किलोमीटरवर असेल तर एक फेरी ४० मिनिटांची आणि तासाला जेमतेम सव्वापाच हजार लिटर. यंत्र तेच, वैमानिक तोच, इंधन तेवढेच. तरीही काम एक चतुर्थांशावर येते, आणि दोन बादल्यांमध्ये आगीला ४० मिनिटांची मोकळीक मिळते.

म्हणून मोठ्या यंत्रांवर पाणी भरण्याचा वेळ वाचवण्यासाठी खूप डोके लढवले गेले आहे. एस-६४ एअर-क्रेन या हेलिकॉप्टरच्या पोटाला सुमारे १० हजार लिटरची टाकी असते. खाली सोंडेसारखा पाइप सोडून ते तरंगत्या अवस्थेत मिनिटभरात टाकी भरते. ऑस्ट्रेलियात २००० नंतरच्या वणव्यांत अशा एका एअर-क्रेनने इतके काम केले की ‘एल्व्हिस’ हे त्याचे टोपणनाव घराघरांत पोचले. कॅलिफोर्नियात चिनूक हेलिकॉप्टरच्या आत ३ हजार गॅलनची, म्हणजे ११ हजार लिटरहून मोठी टाकी बसवून रात्रीही काम केले जाते. वैमानिक डोळ्यांना अंधारात दिसण्याची उपकरणे लावून उडतात. रात्री वारा पडलेला असतो, हवेत ओलावा असतो, आग मंदावलेली असते, त्यामुळे तेव्हाच्या बादलीचा गुण जास्त येतो. तिथल्या काही गावांनी डोंगरावर खास हेलिकॉप्टरसाठी पाण्याची मोठी कुंडे बांधून ठेवली आहेत.

तापलेली हवा, विरळ हवा

पाणी जवळ असले तरी ते उचलण्याची ताकद प्रत्येक वेळी सारखी नसते. हेलिकॉप्टरचा पंखा हवेला खाली ढकलतो, तेव्हा यंत्र वर राहते. हवा तापली की विरळ होते, उंचीवर गेलो की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनही दमते. वणवा नेमका तापलेल्या दिवसांत, डोंगरावर लागतो. म्हणजे जिथे सर्वांत जास्त वजन उचलायला हवे, तिथेच हेलिकॉप्टर सर्वांत अशक्त असते. यासाठी बादलीला पट्टा असतो. तो आवळून बादली ९०, ८० किंवा ७० टक्केच भरेल अशी व्यवस्था करतात. तापमान, उंची, इंधन, माणसे या सगळ्यांचा मेळ घालून किती उचलायचे हे उड्डाणाआधी ठरवावे लागते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते ५ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्नियात दिसले. डोंगरातल्या एका उतरणतळावरून अग्निशमन दलाच्या जवानांना घेऊन उडालेले मोठे हेलिकॉप्टर काही क्षणांत झाडांत कोसळले. १३ पैकी ९ जण गेले. हेलिकॉप्टरचे वजन आणि त्याची ताकद यांचे कागदोपत्री दिलेले आकडे चुकीचे होते, असे चौकशीत निघाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच राज्यात आगीवर काम करताना दोन हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळली आणि तिघांचा जीव गेला. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या भीषण वणव्यांत पाणी टाकणारे हेलिकॉप्टर पडून वैमानिक दगावला. हे काम करणारी माणसे दर फेरीला काय पणाला लावतात, याचे भान आपल्याला असायला हवे.

वाऱ्यापुढे कुणाचे चालत नाही

७ जानेवारी २०२५. लॉस एंजेलिस. जगात सर्वांत सुसज्ज म्हणावी अशी हवाई अग्निशमन यंत्रणा या शहराच्या दिमतीला होती. चिनूक होती, ३,८०० लिटरच्या टाकीची ‘फायरहॉक’ होती, समुद्रावरून पाणी उचलणारी विमाने होती. त्या दिवशी पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी भडकल्या, तेव्हा सांता अॅना वारे डोंगरावरून घोंघावत खाली येत होते. काही ठिकाणी झोताचा वेग ताशी १३० किलोमीटरच्याही पुढे गेला. त्या संध्याकाळी विमाने आणि हेलिकॉप्टर जमिनीवर उतरवावी लागली. अशा वाऱ्यात पाणी आगीवर पडत नाही, भलतीकडे उडून जाते, आणि हेलिकॉप्टर धडपणे परत येईल याचीही खात्री नसते. आग पसरण्याचा जो सर्वांत वाईट काळ, त्याच काळात आकाश रिकामे होते.

वारा थोडा मंदावला तशी हेलिकॉप्टर पुन्हा उडाली. एन्सिनो जलाशयातून पाणी उचलत त्यांनी दिवसरात्र फेऱ्या केल्या. पॅलिसेड्सजवळचाच सांता यनेझ जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता, यावरून नंतर मोठा वाद झाला. ९ जानेवारीला कुणीतरी हौसेने उडवलेला ड्रोन पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखात घुसला आणि ते विमान दुरुस्तीला न्यावे लागले. दोन्ही आगींत मिळून सुमारे ३० माणसे गेली, १६ हजारांहून अधिक बांधकामे जळाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलेच पॅराडाइज हे गाव जळून ८५ जण गेले, तेव्हाही पहिल्या काही तासांत वाऱ्याने विमाने अडवली होती.

पैशाने जेवढी यंत्रे घेता येतात तेवढी ज्यांच्याकडे आहेत, त्यांचा हा अनुभव आहे. यंत्र आले की निश्चिंत झालो, असे वणव्याच्या बाबतीत कधीच होत नाही.

पाण्यापलीकडची कामे

वणव्यातल्या हेलिकॉप्टरची ओळख बादलीने होते, पण त्याची इतर कामे तितकीच मोलाची आहेत. रस्ता नसलेल्या कड्यावर ते दोराने जवान उतरवते. आगीच्या वर घिरट्या घालून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने धुराआड दडलेले निखारे दाखवते. जखमींना उचलते.

काही वेळा ते स्वतःच आग लावते. मोठ्या वणव्याच्या वाटेतले जळण आधीच जाळून टाकले तर वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. यासाठी हेलिकॉप्टरमध्ये एक यंत्र असते. पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्यांत पोटॅशियम परमँगनेटची पूड भरलेली असते. यंत्र प्रत्येक गोळीला सुई टोचून आत ग्लायकॉल सोडते आणि गोळी बाहेर टाकते. दोन्ही रसायनांची क्रिया सुरू होऊन अर्ध्या मिनिटात गोळी पेटते. तोवर ती जमिनीवर पोचलेली असते. आगीने आग अडवण्याची ही रीत जगभरच्या रानातल्या माणसांना फार पूर्वीपासून माहीत होती. तिला उंच डोंगरावर नेले हेलिकॉप्टरने.

आणि सुटकेची कामगिरी. ५ सप्टेंबर २०२० ला कॅलिफोर्नियातल्या ‘क्रीक फायर’ने मॅमथ पूल जलाशयाचा रस्ता तोडला आणि सुट्टीसाठी आलेले शेकडो लोक पाण्याकाठी अडकले. नॅशनल गार्डची दोन हेलिकॉप्टर, एक चिनूक आणि एक ब्लॅक हॉक, रात्रीच्या अंधारात धुरातून आणि ज्वाळांच्या मधून तिथे उतरली. तीन फेऱ्यांत त्यांनी दोनशेहून अधिक माणसे बाहेर काढली. चिनूकच्या एका फेरीत शंभरावर माणसे दाटीवाटीने बसली होती. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचे गट वणव्यात सापडले. तिथे हवाई दलाची हेलिकॉप्टर धावून गेली, पण आगीने आधीच गाठले होते. वीसहून अधिक जणांचा त्यात अंत झाला. सह्याद्रीत उन्हाळ्यात भटकणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी.

खाली उभी असलेली माणसे

१३ जून २०२४ ला उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली वनखात्याची तुकडी ज्वाळांत सापडली. चार जण जागीच गेले, चौघे गंभीर भाजले आणि त्यांतले काही नंतर दगावले. दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे हेलिकॉप्टर भीमतालचे पाणी घेऊन बिनसरवर पोचले.

आपल्या महाराष्ट्रात ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले, दोघे जखमी झाले. त्या दिवशी तिथे कोणतेही हेलिकॉप्टर नव्हते. पाठीवर पाला उडवणारे ब्लोअर आणि हातात ओल्या फांद्या घेऊन ही माणसे आगीला सामोरी जातात. पाला बाजूला फुंकायचा, उघड्या मातीची पट्टी करायची, कडेची आग झोडपून काढायची. यातले कित्येक जण हंगामापुरते घेतलेले असतात. अनेकांकडे आगीत टिकणारा पोशाख नसतो, धुरासाठी साधा मुखवटा नसतो. पायात रबरी चपला घालून डोंगर चढणारेही यात असतात.

मला या विषयात सर्वांत जास्त खटकते ते हे. हेलिकॉप्टर आले की कॅमेरे वर वळतात, मंत्री पाहणी करतात, बातमी होते. पण हेलिकॉप्टर ज्वाळा चार फुटांच्या खाली आणते ती कुणासाठी? याच माणसांसाठी. ती प्रशिक्षित नसतील, त्यांच्याकडे बिनतारी संदेशयंत्र नसेल, वरच्या वैमानिकाला त्यांचे ठिकाण कळत नसेल, तर वरून पडणाऱ्या पाण्याचे चीज होणार नाही. साडेतीन टन पाण्याचा लोंढा अंगावर आला तर माणूस जखमीही होऊ शकतो. जिथे ही यंत्रणा मुरलेली आहे, तिथे वैमानिक आणि जमिनीवरचा प्रमुख एकमेकांशी सतत बोलत असतात. बादली कुठे हवी हे खालचा माणूस सांगतो. आपल्याकडेही तसेच व्हायला हवे.

सह्याद्रीसाठी

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. ही संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपते आणि वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर इशारे पाठवते. उपग्रहाचा डोळा सुमारे पावणेचारशे मीटरच्या चौकटीपर्यंत पोचला आहे. इशारा मिळतो. प्रश्न असतो तो इशाऱ्यानंतर पहिल्या तासात तिथे कोण पोचते याचा.

आपल्याकडचे वणवे बहुतांशी माणसाच्या हातूनच लागतात. मोहफुले वेचायला जमीन साफ हवी, जनावरांना पावसाळ्यात नवे गवत हवे, काजूच्या बागेखालची झाडोरी काढायची, राबासाठी पाला भाजायचा, शिकारीसाठी प्राणी हुसकायचे, किंवा नुसतीच सिगारेटचे थोटूक फेकणारी बेफिकिरी. यातल्या काही कारणांमागे पोटाची गरज आहे. ती ओळखून पर्याय दिला तर आग कमी होते. झाडाखाली जाळी अंथरून मोहफुले गोळा करता येतात. उत्तराखंडाने २०२४ मध्ये पिरूल गोळा करून आणणाऱ्याला किलोमागे ५० रुपये देण्याची घोषणा केली. त्यामागचा विचार सरळ होता. जे जळते ते आधीच उचला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंड सरकारला बजावले की कृत्रिम पाऊस किंवा वरुणराजाची कृपा हे वणव्यावरचे उत्तर नव्हे. हेलिकॉप्टरबद्दलही हेच म्हणावे लागेल. ते शेवटचे हत्यार आहे आणि ते धारदार असायला हवे, पण पहिली लढाई त्याच्यावर सोडता येणार नाही.

मग काय करावे? फेब्रुवारी उजाडण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, स्वच्छ व्हाव्यात. दरवर्षी, कागदावर नव्हे तर डोंगरावर. हंगामी अग्निरक्षकांना नोव्हेंबरातच नेमून प्रशिक्षण, आगरोधक पोशाख, बूट आणि विमा द्यावा. आणि हेलिकॉप्टर कधीतरी लागणारच आहे हे गृहीत धरून त्याची तयारी जमिनीवर करून ठेवावी. कोयना, तिळारी, गोव्यातले अंजुणे अशा जलाशयांत मार्च-एप्रिलमध्ये बादली बुडेल एवढे खोल पाणी कुठे असते, तिथे विजेच्या तारा कुठून जातात, जंगलातल्या कोणत्या भागापासून ते किती मिनिटांवर आहे, याचे नकाशे जिल्हाधिकारी, वनखाते आणि हवाई दल यांच्याकडे आधीच असावेत. मागणी करण्यापासून बादली उचलण्यापर्यंतचा वेळ दिवसांवरून तासांवर आला पाहिजे. म्हादईसारखा वणवा सह्याद्रीत पुन्हा लागेल, तेव्हा पाणी कुठले याची शोधाशोध होता कामा नये.

वाचकांकडे एवढेच मागणे. या उन्हाळ्यात डोंगरावर जाल तेव्हा चूल, शेकोटी, सिगारेट टाळा. रानात धूर दिसला तर छायाचित्र काढण्याआधी महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, ठिकाण नीट सांगा. आणि तुमच्या तालुक्यात वणवा विझवायला जाणाऱ्या वनमजुराला बूट आणि विमा मिळाला आहे का, हे लोकप्रतिनिधीला विचारा. आग विझते ती त्याच्या हातून. हेलिकॉप्टर त्याच्या मदतीला येते, आणि त्याची जागा ते कधीच घेऊ शकणार नाही.